मेंदूज्वराचे निदान आणि वाशीमचे अंतर

१९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांत पुण्याच्या संशोधकांना एक नवा विषाणू आढळला. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ बालके मेंदूज्वराने आजारी पडली, १८३ दगावली, आणि ठपका याच विषाणूवर आला. विदर्भालाही त्या वर्षी झळ लागली. हा दाह नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असावा, असे काही डॉक्टरांनी मेंदूच्या प्रतिमांवरून मांडले व मोठा वाद झाला. एम.आर.आय.च्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले तेही त्याच वर्षी!

या प्रतिमांकडून अपेक्षा मात्र बेताचीच ठेवावी. विषाणूचे नाव त्यांतून कळत नाही. त्यासाठी रक्त आणि पाठीच्या कण्यातील पाणीच तपासावे लागते. कळतो तो विकाराचा ठाव. नागिणीच्या कुळातील हर्पीस विषाणू बहुधा कानशिलाजवळचा भाग ग्रासतो. जपानी मेंदूज्वरात मेंदूच्या गाभ्यातील थॅलॅमस दोन्ही बाजूंनी बिघडलेला दिसतो. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. जपानी मेंदूज्वरावर नेमके औषध नाही, हर्पीसवर असायक्लोव्हिर आहे. ते न मिळाल्यास शंभरांतले सुमारे सत्तर रुग्ण जातात. सी.टी. स्कॅन पहिल्या दिवसांत पुष्कळदा निर्दोष दिसतो, एम.आर.आय. लवकर बोलतो. तरीही रक्तस्राव वा गाठ नाही ना, हे सी.टी.वरून चटकन समजते.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात हा प्रश्न अर्थशास्त्राचाही होतो. मानोऱ्याकडील एखाद्या तांड्यावरच्या मुलाला रात्री ताप चढून आकडी आली, तर चांदीपुरा रोगात हाती एखाददुसरा दिवसच असतो. त्यातला निम्मा वेळ गाडी मिळविण्यात आणि मोठ्या शहराची वाट धरण्यात गेला, तर तेथील उत्तम यंत्राचा त्या मुलाला उपयोग काय? कोट्यवधींचे यंत्र खरेदी करणे सोपे असते, कारण फीत एकदाच कापायची असते. ते चालविणारा तंत्रज्ञ, रात्री प्रतिमा वाचणारा तज्ज्ञ आणि अखंड वीज यांचा खर्च दरवर्षीचा. अंदाजपत्रकात कात्री लागते ती त्यालाच.

वाशीमला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. तेथे चोवीस तास चालणारा सी.टी., तारेवरून प्रतिमा वाचून घेण्याची सोय, पुण्याला नमुने त्याच दिवशी रवाना करणारी व्यवस्था आणि हर्पीसची शंका येताच अहवालाची वाट न पाहता द्यावयाच्या औषधाचा साठा, एवढे आधी व्हावे. एम.आर.आय. त्यानंतर यावा, आणि तोही चालविणाऱ्या माणसांची पदे भरूनच.