हस्ताक्षरी टंकाचे औचित्य

मुद्रित अक्षराला हस्ताक्षराचा जिव्हाळा लाभावा ही आकांक्षा सर्वथा स्तुत्य आहे. आणि इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘कलम’ या देवनागरी व रोमन टंकाने ती पुष्कळ अंशी सफल केली आहे. त्याची अक्षरे तिरकस झुकलेली, बॉलपेनाने झरझर उतरवल्यासारखी दिसतात, आणि त्यांतील काही गाठी भरीव असल्यामुळे शाईचा ओघ थेट डोळ्यांस जाणवतो. बालवाचकांची पुस्तके, चित्रकथेतील संवाद, हळदीकुंकवाचे निमंत्रण अशा ठिकाणी हे वळण वाचकाला तत्काळ आपलेसे करते.

परंतु हेच वळण जेव्हा जप्तीच्या नोटिशीत, खरेदीखतात अथवा औषधाच्या मात्रेच्या पत्रकात योजले जाते, तेव्हा मजकुराचे गांभीर्य तर उणावतेच, शिवाय बारीक आकारात रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे उकलताना वृद्ध वाचकांच्या दृष्टीला अकारण श्रम पडतात.

प्रयोजनानुसार वळण निवडण्याचा विवेक आपल्या परंपरेला अपरिचित नाही. दफ्तरातील रोजकीर्द आणि पत्रव्यवहार जलद व्हावा म्हणून मोडी, आणि ग्रंथाचे पठण निःसंदिग्ध व्हावे म्हणून बाळबोध, अशी व्यवस्था महाराष्ट्राने शतकानुशतके सांभाळली. आज संगणकाच्या यादीत शेकडो टंक हाताशी असताना कचेऱ्यांनी आणि शाळांनी, मजकूर कोणासाठी व कोणत्या प्रयोजनाने लिहिला जात आहे, हे प्रथम ठरवावे आणि मगच टंक निवडावा.