यंत्राचें आयुष्य आणि चित्राचें आयुष्य

आजोबांचा फिल्मचा कॅमेरा कपाटांतून काढला तर अजून चालतो, आणि नातवाचा डिजिटल कॅमेरा मात्र दहाबारा वर्षांत अडगळींत जातो, असें कां व्हावें, हा प्रश्न अनेक घरांत निघतो. ‘पूर्वींच्या वस्तु मजबूत’ एवढ्या उत्तरानें त्याचें समाधान होत नाहीं.

केवळ झीज पाहिली, तर डिजिटल कॅमेरा मुळींच कच्चा नाहीं. सन २००८ मधील निकॉन डी ९० या कॅमेऱ्याचें शटर १,००,००० वेळां उघडझांप करून पारखलेलें होतें. ३६ चित्रांचें एक रीळ धरल्यास हीं सुमारें २,७७७ रिळें झालीं. दरमहा एक रीळ संपविणाऱ्या कुटुंबास त्यासाठीं २३१ वर्षें लागतील!

खरा भेद आहे तो परावलंबनाचा. १९८२ सालच्या निकॉन एफएम २ चें शटर केवळ स्प्रिंगा व चाकें यांवर चालतें; सेल लागतो तो प्रकाशमापकापुरता. यंत्र अडलें तर कुशल कारागीर तें उघडून, साफ करून पुन्हां चालतें करूं शकतो. डिजिटल कॅमेरा बॅटरीवांचून क्षणभरहि चालत नाहीं. ती बॅटरी न वापरतांहि जीर्ण होते, आणि त्या जातीची बॅटरी निघेनाशी झाली कीं धडधाकट यंत्रहि आंधळें होतें. कार्डाचीहि तीच गत. १९०१ मध्यें निघालेली १२० क्रमांकाची फिल्म आजहि तयार होते. २००२ मध्यें आलेल्या एक्सडी कार्डाचें उत्पादन मात्र केव्हांच बंद पडलें. अर्थात् फिल्मचे जे कॅमेरे सर्वस्वीं विजेवर चालत, त्यांची दशाहि याहून फारशी निराळी नाहीं.

यावरून घरच्या मंडळींनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें. कॅमेरा कोणताहि असो, पावसाळ्यांत तो कातडी पेटींत कोंडून ठेवूं नये. भिंगास बुरशी धरते. डिजिटल कॅमेरा चालू आहे तोंवरच कार्डावरील चित्रें उतरवून दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावीं, आणि निवडक चित्रें कागदावर छापून घ्यावीं. निगेटिव्ह नुसती उजेडापुढें धरली तरी आजीचा चेहरा ओळखतां येतो; कार्ड मात्र कितीहि निरखलें तरी कांहीं सांगत नाहीं.