माती घडवा, पण आधी पीक विचारा

मृग नक्षत्र तोंडावर आले आहे. राब भाजून झाले, बांधबंदिस्ती चालू आहे आणि बियाण्याच्या चौकशीला शेतकरी कार्यालयात येऊ लागले आहेत. अशाच एका सकाळी कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या गावातले एक वयस्कर शेतकरी आले. हातात वहीचे पान होते. त्यावर लिहिले होते: शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, हाडांचा चुरा, मासळीचे खत, लाकडाची राख आणि काळ्या दगडाची भुकटी. म्हणाले, "साहेब, दहा गुंठ्यांत अशी माती बनवून द्यायची आहे. प्रमाण काय घ्यायचं तेवढं सांगा."

यादी पाहून मला आनंदच झाला. युरियाच्या गोणीपलीकडे कुणी विचारतो आहे म्हणून मी भराभर सांगत सुटलो. अर्धे सांगून झाल्यावर लक्षात आले की जे पहिले विचारायचे ते राहिलेच. "काका, पीक कोणतं?"

"शहरातली पार्टी आहे. जागा भाड्यानं घेणार. औषधी हेंप लावणार म्हणतात. वर्षाचे पैसे आगाऊ देतात."

पेन खाली ठेवले. पीक न विचारता खताचे प्रमाण सांगणे ही माझी चूक. पण हेच आमिष आणखी बांधांपर्यंत पोहोचत असेल, म्हणून आज या पानावर उघड लिहितो आहे.

आधी नावाचा घोळ सोडवू. इंग्रजीत 'हेंप' हा शब्द सैल वापरला जातो. आपल्या तागाला 'सन हेंप' म्हणतात. अंबाडीला 'डेक्कन हेंप' म्हणतात. तिचे पान गांजाच्या पानासारखे हातपंजाच्या आकाराचे असते, म्हणून तिच्या शास्त्रीय नावातही त्याची आठवण राहिली आहे. ताग आणि अंबाडी ही दोन्ही पिके बिनधोक आहेत. पण नुसते 'हेंप' किंवा 'औषधी हेंप' म्हटले की बहुतेक वेळा ते गांजाचेच झाड असते. जात कमी नशेची असो की जास्त, कायद्याच्या व्याख्येत त्या कुळातले प्रत्येक झाड येते.

हा कायदा म्हणजे 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला पोलीस 'एनडीपीएस' म्हणतात. परवान्याशिवाय हे झाड लावल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जागा आपली आहे आणि तिथे काय चालले आहे हे ठाऊक असूनही वापरू दिली, तर कलम 25 खाली जागामालकही अडकतो. कलम 35 प्रमाणे आरोपीला गुन्ह्याची जाणीव होती असे न्यायालय आधी गृहीत धरते. जाणीव नव्हती हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडतो. "मी फक्त जागा दिली, माती दिली" एवढे सांगून सुटका होईल, अशा भ्रमात राहू नये.

आता गावच्या कारभाऱ्यांसाठी. कलम 46 प्रमाणे आपल्या जमिनीवर अशी बेकायदा लागवड झाली असेल तर जमीनधारकाने ताबडतोब पोलिसांना कळवायचे असते. कलम 47 त्याच्याही पुढे जाते. पंच, सरपंच, गावचा कोणताही अधिकारी आणि शासनाचा प्रत्येक अधिकारी, म्हणजे मीसुद्धा, माहिती मिळाल्यावर कळवायला बांधील आहे. कळवण्यात कसूर केली तर तोच शिक्षेला पात्र ठरतो. फार्महाऊसच्या उंच कुंपणाआड काय पिकते याची कुजबूज गावभर असते आणि पोलीस पाटलाला मात्र ठाऊक नसते, असे सहसा घडत नाही. 'आपल्याला काय करायचे आहे' हे उत्तर या बाबतीत चालत नाही.

हेंपवाल्यांचीही बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. या झाडाच्या खोडापासून उत्तम धागा निघतो, बियांपासून तेल मिळते. कायद्याच्या कलम 14 प्रमाणे धागा, बी किंवा बागायती उपयोगासाठी सरकार परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने 2018 मध्ये कमी नशेच्या औद्योगिक हेंपला परवाना देऊन सुरुवात केली. तिथे नशेच्या द्रव्याची मर्यादा 0.3 टक्के आहे. म्हणजे पीक वाईट म्हणून नव्हे, तर परवान्यावाचून केले म्हणून माणूस तुरुंगात जातो. कुणी कागद दाखवला तर विचारा: परवाना कोणाच्या नावाने आहे, कोणत्या गट नंबरासाठी आहे, कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीचा आहे? परराज्यातल्या कागदावर आपल्या गावात बी पेरता येत नाही. आणि साधी कसोटी हवी असेल तर ही घ्या: ई-पीक पाहणीत या पिकाचे नाव तुम्ही उजळ माथ्याने लिहू शकता का? जे पीक गाव नमुना बारावर चढवायची भीती वाटते ते शेतात नको.

शेतीच्या दृष्टीनेही हा व्यवहार आपल्याकडे बसत नाही. गांजाकुळातल्या झाडाला निचऱ्याची जमीन लागते, मुळाशी पाणी साचलेले सोसत नाही. आपल्या जिल्ह्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि खाचरात गुडघाभर चिखल. ती जमीन भाताची आहे.

मग काकांच्या हातातली यादी फेकून द्यायची का? मुळीच नाही. यादी चांगली आहे, फक्त ती आपल्या पिकासाठी वापरायला हवी. शहरातले लोक ज्या दगडाच्या भुकटीला पोत्यामागे पैसे मोजतात, तो आपला काळा पाषाणच. आपली माती त्याच्यापासूनच झाली आहे. खनिजे जमिनीत आहेतच, पण ती कुलूपबंद आहेत आणि किल्ली सेंद्रिय पदार्थाकडे आहे. मुळे, गांडुळे आणि सूक्ष्म जीव ती हळूहळू मोकळी करतात. भुकटी विकत घेण्यापेक्षा पालापाचोळा जमिनीत जिरवलेला परवडतो.

दुसरे, आपला पाऊस जमिनीतले विरघळणारे अन्नांश धुऊन नेतो. म्हणून खाचरात जे निघाले ते परत घालणे महत्त्वाचे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीचे पहिले सूत्र हेच सांगते. भाताच्या तुसात आणि पेंढ्यात सिलिका असते, पेंढ्यात पालाशही असते. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळली की रोप ताठ आणि निरोगी होते, करपा आणि खोडकिडा यांना तोंड देते. भातगिरणीच्या मागे ही राख ढिगाने पडून असते. ती आणली तर राबासाठी झाडांच्या फांद्या छाटण्याचे प्रमाणही कमी करता येईल.

दुसरे सूत्र गिरिपुष्पाचे. बांधावर खुंट लावले की जमीन अडत नाही. लावणीपूर्वी गुंठ्याला साधारण तीस किलो हिरवा पाला पसरावा, आठवड्याने काड्या वेचून चिखलणी करावी. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात पाण्याची सोय आहे त्यांनी मेच्या मध्यास एकरी 20 ते 25 किलो ताग पेरावा आणि फुलावर येताच गाडावा. हवेतला नत्र जमिनीत आणणारा हा खरा आपला हेंप. त्याला परवाना लागत नाही.

यादीतल्या बाकीच्या वस्तूंबद्दल दोन सूचना. लाकडाची राख शेणखताच्या ढिगात मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातो. राख वेगळी ठेवून वेगळी टाका. मासळीचे खत मिठाचे असेल तर आधी पावसाचे पाणी खाऊ द्या, नाहीतर भेंडी-काकडीची रोपे करपतील. हाडांचा चुरा आंबट जमिनीत चांगला लागू पडतो, पण तो सावकाश काम करतो. पहिल्याच वर्षी चमत्कार मागू नये.

आता शेवटचा मुद्दा, आणि कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या शेतकऱ्यांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा. खनिजयुक्त माती म्हणजे चांगली माती, असे डोळे झाकून म्हणता येत नाही. शिसे, कॅडमियम हीदेखील खनिजेच. गांजाकुळातले झाड असे जड धातू मुळांनी ओढून घेते. याच गुणामुळे 1990 च्या दशकाच्या शेवटी चेर्नोबिलच्या परिसरात माती साफ करण्यासाठी त्याचे प्रयोग झाले. पण आपली पालक, माठ, मुळा या भाज्याही जड धातू शोषतात. वालधुनीसारख्या प्रदूषित नदीच्या, औद्योगिक वसाहतीच्या किंवा रेल्वेकडेच्या नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी काढू नये. शहरातल्या न निवडलेल्या कचऱ्याचे खतही घेऊ नये. ध्यानात असू द्या, 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटकांची तपासणी असते. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, बोरॉन आहेत, पण शिसे आणि कॅडमियम नाहीत. पत्रिका चांगली आली म्हणून नाल्याकाठची जमीन निर्धोक ठरत नाही. तिथे फुलझाडे किंवा चारा सोडून न खाण्याची रोपे घ्यावीत.

असो. काकांनी कागद परत घेतला. आगाऊ पैशाचा मोह सोपा नसतो; लेकीचे लग्न आणि सोसायटीचे कर्ज दोन्ही दाराशी उभे आहेत, हे त्यांनी लपवले नाही. मी त्यांच्या कर्जाचे उत्तर देऊ शकलो नाही. पण दहा गुंठ्यांत भेंडी आणि भातानंतर वाल, असा हिशेब त्याच कागदाच्या मागे मांडून दिला. तो हेंपच्या भाड्याइतका भरत नाही, हेही सांगितले. मात्र त्या हिशेबात सातबारा शाबूत राहतो.

सरपंच मंडळींना विनंती एवढीच, की येत्या ग्रामसभेत कलम 46 आणि 47 मोठ्याने वाचून दाखवा. आणि शेतकरी बंधूंनो, जागा मागायला कुणी आला तर भाडे विचारण्याआधी पीक विचारा. मी ते उशिरा विचारले, तुम्ही आधी विचारा.