जिभेचं सस्पेन्स खातं

बँकेत संध्याकाळी कॅश शॉर्ट आली, तर कॅशिअर ती स्वतःच्या खिशातून भरतो. घरी गेल्यावर बायकोला काय सांगायचं, हा त्याचा खाजगी प्रश्न. पण टीव्हीच्या पडद्यावर अक्कल शॉर्ट आली, तर ती कोणी भरून द्यायची? आणि तीही एका गिऱ्हाइकासमोर नव्हे, अख्ख्या देशासमोर?

म्हणजे असं बघा. एखादा निवेदक पडद्यावर बसून कुणाच्या रंगावरून, नावावरून, दाढीवरून वेडंवाकडं बोलतो. त्याची नोकरी जावी की राहावी? या प्रश्नावर जगात दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, "हाकला त्याला!" दुसरा म्हणतो, "अहो, गंमत केली. विनोद म्हणून कळतच नाही तुम्हाला!" पहिल्याच्या हातात सदैव लाल शाई, दुसऱ्याच्या हातात सदैव खोडरबर. माझं दोघांशीही जमत नाही, कारण बँकेत लाल शाई वापरायचा मला अधिकार नाही आणि खोडरबर वापरायची कुणालाच परवानगी नाही.

आता उदाहरणंच घेऊ. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा शीला दीक्षित तिथल्या मुख्यमंत्री होत्या. तिकडे न्यूझीलंडच्या सरकारी मालकीच्या टीव्हीएनझेड या चॅनेलवर, सकाळच्या कार्यक्रमात, पॉल हेन्री नावाचे गृहस्थ बसत. त्यांनी दीक्षित हे नाव वाचलं, इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे त्याचे दोन तुकडे केले, त्या तुकड्यांचा इयत्ता चौथीतल्या पोरांना सुचेल असा अर्थ लावला, आणि ते हसत सुटले. वर, बाई भारतीय आहेत तेव्हा नाव अगदी शोभून दिसतं, अशी पुस्तीही जोडली.

आमची एक मावसबहीण दीक्षितांकडे दिलेली आहे. त्या घरातली माणसं तशी फार गंभीर. लग्नात जावयाने उखाणा घेतला तरी ती हसली नव्हती. दीक्षित म्हणजे ज्याने दीक्षा घेतली तो. चांगलं यज्ञाबिज्ञाशी नातं सांगणारं नाव. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही. बरं, नावावर विनोद करायला अक्कल लागते असंही नाही. तेव्हाच्या न्यूझीलंडच्या पंतप्रधानांचं आडनाव होतं 'की'. जॉन की. आता मराठी माणसाने 'की' म्हणावं आणि पुढच्याने 'की काय?' विचारावं, एवढं हे सोपं काम. बघा, झाला की विनोद! खर्च शून्य, मेहनत शून्य. एवढ्यावर कुणाला पगार मिळत असेल, तर आमच्या शाखेतल्या निम्म्या स्टाफला न्यूझीलंडला पाठवायला हवं.

पण हेन्रीसाहेबांचं समाधान झालं नव्हतं. ४ ऑक्टोबर २०१० रोजी खुद्द पंतप्रधान समोर बसलेले असताना त्यांनी देशाचे गव्हर्नर-जनरल सर आनंद सत्यानंद यांचा विषय काढला. हे गृहस्थ न्यूझीलंडचे तरी आहेत का, आणि पुढच्या खेपेला दिसायला-बोलायला न्यूझीलंडचा वाटेल असा माणूस नेमणार का, असं विचारलं. सत्यानंद ऑकलंडमध्ये जन्मलेले. त्यांचं कूळ फिजीतल्या भारतीयांचं. वकील झाले, न्यायाधीश झाले, ओम्बड्समन झाले. एवढं होऊनही माणूस दिसायला कमी पडतो म्हणजे कमालच आहे! आम्हाला बँकेत लागताना जन्मदाखला पुरला होता.

खरी मजा पुढेच आहे. गदारोळ झाला तेव्हा चॅनेलच्या प्रवक्त्यांनी आधी काय सांगितलं? तर, आपल्या मनात असतं पण बोलायची हिंमत होत नाही ते हेन्री बोलून दाखवतात, आणि म्हणूनच प्रेक्षकांना ते आवडतात! मग चॅनेलला अचानक नीतिमत्ता आठवली आणि हेन्रीसाहेब दोन आठवडे निलंबित झाले. पाठोपाठ भारत सरकारने न्यूझीलंडच्या उच्चायुक्तांना बोलावून निषेध नोंदवला, आणि १० ऑक्टोबरला हेन्रीसाहेबांनी राजीनामा दिला. लाल शाईवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या टाळ्यांचा आवाज विरतो न विरतो तोच हेन्री ऑस्ट्रेलियात जाऊन पडद्यावर बसले, आणि २०१४ साली न्यूझीलंडमध्येच दुसऱ्या चॅनेलवर त्यांच्या स्वतःच्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. याला आमच्याकडे बडतर्फी म्हणत नाहीत. बढतीवर बदली म्हणतात.

आता दुसरं उदाहरण. हे क्रिकेटचं आहे, म्हणजे आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचं. ऑगस्ट २००६, कोलंबो, श्रीलंका विरुद्ध दक्षिण आफ्रिका. हाशिम अमलाने संगकाराचा झेल घेतला. अमला धार्मिक मुसलमान, छातीवर रुळणारी दाढी. समालोचनाच्या खोलीत डीन जोन्स बसले होते. १९८६ साली मद्रासच्या उकाड्यात, उलट्या करत करत, २१० धावा काढणारे तेच ते. जाहिराती चालू आहेत, माइक बंद आहे, अशा समजुतीत ते म्हणाले, "अतिरेक्याला आणखी एक बळी मिळाला." माइक बंद नव्हता. दक्षिण आफ्रिकेत घरोघरी ते वाक्य पोचलं. जोन्सनी माफी मागितली. टेन स्पोर्ट्सने त्यांना त्याच दौऱ्यातून घरी पाठवलं.

इथे खोडरबरवाले म्हणतात, "बिचारा! माइक बंद आहे असं वाटलं म्हणून बोलला." अहो, सीसीटीव्ही बंद आहे असं वाटलं म्हणून एखाद्या कारकुनाने ड्रॉवरमधल्या नोटा खिशात घातल्या, तर आमचे मॅनेजर त्याला बिचारा म्हणतील का? दाढी दिसली की अतिरेकी म्हणायचं, हा शब्द खाजगीत स्वस्त असतो. पण त्याची किंमत बोलणारा देत नाही. ती दाढीवाला देतो, प्रत्येक विमानतळावर, सामान उघडून.

तरीही जोन्सच्या बाबतीत मला एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ते वाक्य परवानगीने, जाहिरात करून, टीआरपीसाठी बोललेलं नव्हतं. आणि जोन्सनी 'तुमच्या भावना दुखावल्या असतील तर' असली पळवाट न काढता अपराध कबूल केला. दौरा गेला, अब्रू गेली, पण पुढे त्यांना पुन्हा माइक मिळाला. २०२० साली आयपीएलच्या समालोचनाचं काम करत असतानाच मुंबईत ते वारले, तेव्हा भारतातल्या क्रिकेटवाल्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली. शिक्षा झाली, भोगली, हिशेब मिटला. माझ्या मते असंच व्हायला हवं. चुकीची किंमत वसूल करावी, पण व्याजावर व्याज लावत माणसाची उभी हयात लिलावात काढू नये.

तिसरं उदाहरण अगदी अलीकडचं. डिसेंबर २०२४, ब्रिस्बेन कसोटी. बुमरा ऑस्ट्रेलियनांना नाचवत होता. इशा गुहा या समालोचक बाईंनी, त्या स्वतःही मूळच्या भारतीय वंशाच्या, कौतुकाच्या भरात त्याला 'मोस्ट व्हॅल्युएबल प्रायमेट' म्हटलं. आता प्रायमेट या शब्दात माणूस येतो तसं माकडही येतं, आणि काळ्यासावळ्या खेळाडूच्या बाबतीत ऐकणाऱ्याला आधी माकडच ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच बाईंनी सगळ्यांसमोर माफी मागितली. शेजारी आपले रवी शास्त्री उभे होते. त्यांनी बाईंच्या धैर्याला दाद दिली, आणि सामना पुढे सुरू झाला. नोकरी गेली नाही. आकाशही कोसळलं नाही.

याला आमच्याकडे दुरुस्ती म्हणतात. बँकेच्या वहीत चूक झाली तर ती खोडायची नसते, वर पांढरा रंग फासायचा नसतो. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी स्वतःची सही ठोकायची. चूक दिसते, दुरुस्ती दिसते, जबाबदार माणूसही दिसतो. माफी अशी असावी. नाहीतर बहुतेक माफ्या म्हणजे पांढरा रंग असतो.

बी.कॉम.ला आम्हाला चुकांचे प्रकार शिकवले होते. नोंद करायची राहून गेली ती एक, नोंद करताना हात चुकला ती दुसरी. पण सगळ्यांत वाईट ती तत्त्वाची चूक. तिची गंमत अशी, की तिच्यामुळे बेरीज कुठेही चुकत नाही, ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत जुळतो, साहेब खूष होतात, आणि हिशेब मात्र मुळातच खोटा असतो. गुहाबाईंचा हात चुकला. जोन्सची चूक त्याहून जड, पण सहीनिशी दुरुस्त केलेली. हेन्रीसाहेबांची चूक तत्त्वाची. आदल्याच वर्षी त्यांनी कार्यक्रमात आलेल्या एका बाईंच्या ओठावरच्या लवेवरून थट्टा केली होती, तेव्हाही तक्रारी झाल्या होत्या. म्हणजे ही घसरलेली जीभ नव्हे. हा धंदा होता, आणि तो तेजीत होता.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. एकदा जीभ घसरली आणि माणसाने सही करून दुरुस्ती केली, तर त्याला ताकीद द्या, पगार कापा, चार सामने घरी बसवा. नोकरी घेऊ नका. पण दुसऱ्याची कातडी आणि दुसऱ्याचं नाव हेच ज्याचं भांडवल आहे, त्याची खुर्ची काढून घ्या, आणि विनोदबुद्धीच्या नावाने गळे काढू नका. मीही पोटापुरता विनोद लिहितो. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. हसायचं ते माणूस काय करतो त्यावर. तो काय जन्मला त्यावर हसायला लेखक लागत नाही, तेवढं काम शाळेतली वात्रट पोरंही करतात.

"मग भाषणस्वातंत्र्याचं काय?" असं खोडरबरवाले विचारतीलच. ते आहेच हो! हेन्रीसाहेबांनी घरच्या गच्चीवर उभं राहून हवं ते बोलावं. भाषणस्वातंत्र्य घटनेत असतं, सकाळी सातचा कार्यक्रम घटनेत नसतो. त्या खुर्चीत बसणारा माणूस बोलतो तेव्हा त्याच्यामागे चॅनेलचं बोधचिन्ह असतं. ऑकलंडच्या शाळेत त्या सकाळी एखादं दीक्षितांचं कार्टं गेलं असेलच की. त्याच्या आडनावाचे दोन तुकडे वर्गाने केले असतील, तर ते कुणाच्या परवानगीने केले?

आणि परवानगीवरून आठवलं, माझं खरं भांडण निवेदकाशी नाहीच. बँकेत मोठ्या रकमेचा चेक एकटा कारकून पास करत नाही. वर अधिकाऱ्याची सही लागते. चेक खोटा निघाला तर चार्जशीट दोघांनाही मिळते. टीव्हीत मात्र उलटा न्याय. वर्षानुवर्षं जो अधिकारी ही थट्टा पास करतो, तिच्यावर जाहिराती विकतो, प्रेक्षकांना हेच आवडतं म्हणून सांगतो, तोच अधिकारी एके दिवशी गंभीर चेहऱ्याने निवेदकाच्या निलंबनाचं पत्रक काढतो. नफा चॅनेलच्या खात्यात, तोटा एका माणसाच्या नावे. असा ताळेबंद आम्ही लिहिला असता तर ऑडिटरने आम्हाला शाखेतून उचलून नेलं असतं.

शिक्षेची मापं किती गोंधळलेली आहेत, याचा उत्तम नमुना बीबीसीचा. 'टॉप गिअर' या मोटारींच्या कार्यक्रमातले जेरेमी क्लार्कसन. २०१४ साली ब्रह्मदेशातल्या भागात त्यांनी आशियाई माणसाला उद्देशून हिणकस शब्द वापरला, आणि नियमभंग झाल्याचा ठपका ऑफकॉम या नियामक संस्थेने ठेवला. त्याच वर्षी दुसऱ्या एका वांशिक शब्दावरून त्यांना शेवटची ताकीदही मिळाली. नोकरी गेली का? नाही. ती गेली मार्च २०१५ मध्ये. का? तर दिवसभराच्या चित्रीकरणानंतर हॉटेलात गरम जेवण मिळालं नाही म्हणून त्यांनी निर्मात्याला ठोसा मारला. ठोसा वाईटच, त्याची शिक्षा रास्तच. पण जमाखर्च बघा. आशियातल्या कोट्यवधी लोकांचा अपमान, ताकीद. एका थंड ताटावरून एक ठोसा, घरी. आपण सगळ्या आशियाने मिळून एक निर्माता व्हायला हवं होतं.

आता लाल शाईवाल्यांना एकच सांगायचं आहे. परदेशी निवेदक आपल्यावर हसला की आपल्याकडे स्वाभिमानाचा पूर येतो. पण ऑक्टोबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा सायमंड्स वानखेडेवर खेळायला आला, तेव्हा त्याला माकडाचे हावभाव करून दाखवणारे आपलेच लोक होते. पोलिसांना काहींना बाहेर काढावं लागलं. ते कुणी निवेदक नव्हते. तिकीट काढून आलेली मंडळी होती, आणि उद्या टीव्हीवर कुणी तेच हावभाव केले तर त्याचा टीआरपी वाढवणारीही तीच मंडळी. प्रेक्षकाला नोकरीवरून काढता येत नाही, हीच तर सगळी अडचण आहे.

तेव्हा माझा निकाल लिहून घ्या. गुहाबाईंची दुरुस्ती मंजूर. जोन्सचा दौरा गेला, रास्त, खातं बंद. हेन्रीसाहेबांची खुर्ची गेली, उत्तम, फक्त ती परत द्यायला नको होती. क्लार्कसनसाहेबांना जेवण गरम मिळायला हवं होतं आणि नारळ एक वर्ष आधी. राहता राहिले ते चेक पास करणारे अधिकारी. त्यांचं खातं अजून सस्पेन्समध्येच पडून आहे. त्यांना चार्जशीट द्यायचं म्हटलं तर सही कुणाची घ्यायची? ते नेहमी सांगतात, मागणी प्रेक्षकांची होती. मग रिमोट ज्याच्या हातात आहे, त्यानेच आता सही करावी.