मोरगावचे घर, पुण्याचे कार्यालय आणि मधली बंद दारे

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील कार्यालये काही दिवसांतच ओस पडली. शहरातील खोल्या सोडून गावाकडे परतलेल्या तरुणांनी घरूनच काम सुरू केले. अष्टविनायकांतील पहिल्या गणपतीचे मोरगाव पुण्यापासून सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. अशा गावात बसूनही पुण्यातील कार्यालयाच्या सर्व्हरवर काम करता येते, हे त्या काळाने दाखवून दिले. मात्र त्याचबरोबर एक तक्रारही रूढ झाली. घरातील इंटरनेट सुरू असते, वृत्तपत्रांची संकेतस्थळे उघडतात, चित्रफितीही दिसतात. परंतु कार्यालयाचे नेटवर्क काही केल्या उघडत नाही.

यावर ‘गावाकडे नेट चालत नाही’ हे उत्तर ठरलेले असते. ते सोयीचे असले तरी बहुतेक वेळा अपुरे असते. घर ते कार्यालय हा मार्ग एकाच्या मालकीचा नाही. घरातील राउटर, इंटरनेट पुरवठादार, कार्यालयाची फायरवॉल आणि कर्मचाऱ्याचे खाते अशी चार दारे त्यावर आहेत. प्रत्येकाचा राखणदार वेगळा आणि संपूर्ण मार्गाचा जबाबदार कोणीच नाही. अडचणीचे खरे मूळ येथे आहे.

दार कोणते, हे कसे ओळखावे?

दोष शोधण्याची रीत फारशी अवघड नाही. प्रथम मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून, शक्यतो दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवरून प्रयत्न करावा. तेथून प्रवेश मिळाला, तर दोष घरातील राउटरमध्ये किंवा ब्रॉडबँड पुरवठादाराकडे आहे. तेथूनही मिळाला नाही, तर अन्य गावातील सहकाऱ्याला विचारावे. त्यालाही प्रवेश मिळत नसेल, तर कार्यालयाचा सर्व्हर वा फायरवॉल तपासणे आवश्यक ठरते. त्याला मिळत असेल, तर आपले खाते किंवा संगणक संशयास्पद मानावा.

जोडणी कोणत्या टप्प्यावर थांबते, हेही महत्त्वाचे असते. पासवर्ड विचारण्यापूर्वीच सारे ठप्प झाले, तर मार्ग अडवलेला आहे. पासवर्ड दिल्यानंतर नकार आला, तर मार्ग मोकळा असून खाते बंद झालेले आहे किंवा पासवर्डची मुदत संपली आहे. मोबाईलवर दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा सांकेतिक क्रमांक नाकारला जात असेल, तर मोबाईलचे घड्याळ चुकलेले असण्याची शक्यता असते. जोडणी झाली पण फाईल उघडत नाही, अशा वेळी पत्त्यांची टक्कर तपासावी. घरातील राउटर आणि लहान कार्यालयाचे नेटवर्क ही दोन्ही अनेकदा १९२.१६८.१ याच मालिकेतील पत्ते वापरतात. मग संगणक कार्यालयातील सर्व्हर घरातच शोधत राहतो. घरच्या राउटरची मालिका बदलली की हा प्रश्न सुटतो. लहान संदेश जातात आणि मोठी फाईल मात्र अडकते, असे होत असल्यास माहितीच्या पाकिटाचा आकार कमी करावा लागतो.

पत्त्यांचा दुष्काळ

चौथे कारण ग्राहकाला दिसतच नाही. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४३० कोटी आहे. आशिया-प्रशांत विभागातील मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच संपत आला. त्यामुळे अनेक पुरवठादार शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. संकेतस्थळे पाहण्यास याने बाधा येत नाही. परंतु एखाद्या कार्यालयाने ठरावीक पत्त्यांवरूनच प्रवेश देण्याचे धोरण ठेवले असेल, तर सामायिक आणि बदलता पत्ता असलेले घर बाहेरच राहते. पुण्यातील एखाद्या कर सल्लागाराचे छोटे कार्यालयच अशा जोडणीवर असेल, तर मोरगावहून त्याच्या संगणकापर्यंत थेट पोहोचता येत नाही. राउटरमध्ये दिसणारा बाहेरील पत्ता आणि संकेतस्थळावर दिसणारा आपला पत्ता निराळे असतील, तर हे कारण बहुधा निश्चित समजावे. अशा वेळी स्थिर पत्ता विकत घ्यावा लागतो. पत्त्यांची टंचाई नसलेल्या नव्या, म्हणजे सहाव्या आवृत्तीच्या पद्धतीवर कार्यालयाने आपले प्रवेशद्वार उभारणे, हा दुसरा मार्ग होय.

नियम बदलले, जबाबदारी नाही

सरकारने आपल्या बाजूचे अडथळे बऱ्याच अंशी दूर केले, हे मान्य करावे लागेल. कॉल सेंटर आणि तत्सम सेवांना घरून काम देण्यासाठी पूर्वी सुरक्षा ठेव, करार आणि परवानाधारक कंपनीकडूनच घेतलेले व्हीपीएन अशा अटी होत्या. दूरसंचार विभागाने १३ मार्च २०२० रोजी त्या तात्पुरत्या शिथिल केल्या. ५ नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीची सक्तीही मोडीत काढली. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ने व्हीपीएन सेवांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याचा आदेश दिला. तेव्हा व्हीपीएनवर बंदी आल्याची समजूत पसरली. पण कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला ही अट लागू नसल्याचे नंतर स्पष्ट करण्यात आले.

मात्र ग्राहकाला काय मिकते, याची व्याख्या अद्याप वेगापुरतीच आहे. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडचा किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस करण्यात आला. पत्ता स्वतंत्र की सामायिक, याविषयी व्याख्या मौन बाळगते. घरून काम करणाऱ्याच्या दृष्टीने ही माहिती वेगाइतकीच मोलाची आहे. जोडणी देतानाच ती लेखी सांगण्याचे बंधन पुरवठादारांवर घालणे कठीण नाही.

चोरवाटेचा धोका

अधिकृत दार उघडेना की चोरवाट शोधली जाते. कार्यालयातील संगणकाचा ३३८९ हा पोर्ट थेट इंटरनेटवर मोकळा सोडणे, हा त्यातील सर्वांत प्रचलित आणि सर्वांत घातक उपाय आहे. मे २०१९ मध्ये विंडोजच्या याच सुविधेतील ‘ब्लूकीप’ हा दोष एवढा गंभीर ठरला, की मायक्रोसॉफ्टने पाठिंबा बंद केलेल्या एक्सपी प्रणालीसाठीही दुरुस्ती दिली. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्या हल्ल्याची पद्धत वेगळी होती; तरी असा फटका बसलेल्या शहरात कंपन्यांनी दारे घट्ट लावली, तर त्यांना दोष देता येणार नाही. अपेक्षा एवढीच, की दार लावणाऱ्याने ते का लागले, हे कर्मचाऱ्याला सांगावे. ‘जोडणी अयशस्वी’ एवढाच संदेश कोणालाच मार्ग दाखवत नाही.

२०२३ पासून मोठ्या संगणक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना पुन्हा कार्यालयात बोलावण्यास सुरुवात केली. अशा वातावरणात एका दिवसाची खंडित जोडणी ही केवळ एका दिवसाची गैरसोय राहत नाही; गावातून काम होत नाही, या समजाचा तो पुरावा ठरतो. वृद्ध आई-वडील आणि शेती सांभाळून नोकरी टिकवू पाहणाऱ्याला तो परवडणारा नाही. म्हणूनच दोष गावाच्या माथी मारण्यापूर्वी चारही दारे क्रमाने तपासली गेली पाहिजेत, आणि ती तपासण्याचे काम एकट्या कर्मचाऱ्यावर सोडता कामा नये.