ठाण्यातली पहिली नोंद

'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीदवाक्य. सज्जनांचे रक्षण आणि दुष्टांचे पारिपत्य. वाक्य चांगले आहे. अडचण एवढीच की सज्जन कोण आणि दुष्ट कोण, हे न्यायालयात ठरण्याच्या कितीतरी आधी ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी ठरून गेलेले असते. तिथे काय लिहिले जाते आणि काय गाळले जाते, यावर पुढची दहा-दहा वर्षे अवलंबून असतात. जातीच्या आणि धर्माच्या द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांबाबत पोलीस काय करतात, हा प्रश्न घ्यायचा तर सुरुवात या टेबलापासून केलेली बरी.

वस्तीतली एक बाई बांधावरचे गवत कापते. शेताचा मालक आणि त्याचे दोन पुतणे तिला मारतात, लुगड्याला हात घालतात, जातीवरून शिव्या देतात आणि 'तुम्ही लोक फार माजलात' असे सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात बजावून जातात. ती ठाण्यात पोचते तेव्हा दिवेलागण झालेली असते. अंमलदार विचारतो, "कुठं लागलंय, दाखव. आधीचं काय भांडण होतं का तुमचं?" (तिला अगं-तुगंच असते.) ती खरे ते सांगते, की वाटेवरून मागे एकदा बोलाचाली झाली होती. अंमलदाराला हायसे वाटते. कागदावर येते ते असे : शेताच्या बांधावरून बाचाबाची, हाताबुक्क्यांनी मारहाण. अदखलपात्र. एन.सी.चा कागद हातात घेऊन ती घरी येते. त्या कागदावर लुगडे नाही, जात नाही, वस्तीला दिलेली धमकी नाही. ही कुणा एकीची हकीगत नव्हे. निरनिराळ्या तालुक्यांतल्या कार्यकर्त्या भेटल्या की जे सांगतात त्याचा हा साचा आहे.

द्वेषमूलक गुन्हा हा शब्द अलीकडे वर्तमानपत्रांतून रुळला आहे. इतर गुन्ह्यांपेक्षा तो वेगळा का? तर मार एकीला बसतो, पण निरोप सगळ्यांना असतो. म्हणून त्यात हेतू हा गुन्ह्याचा गाभा असतो, आणि हेतूच लिहिला गेला नाही तर उरते ती साधी मारामारी. आपल्याकडे हा हेतू ओळखणारा कायदा नाही असे कुणी म्हणू नये. १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा आहे, त्याचेच १९७६ नंतरचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा. १९८९ चा अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, १९९५ चे त्याचे नियम आहेत. या नियमांप्रमाणे तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. २०१६ पासून साठ दिवसांत आरोपपत्र दाखल करायचे बंधन आहे. चौथ्या कलमात तर स्वतः दलित-आदिवासी नसलेल्या अधिकाऱ्याने कर्तव्यात जाणूनबुजून कसूर केली तर सहा महिने ते एक वर्ष शिक्षा सांगितली आहे. आणि फिर्याद वाचून दाखवणे, प्रत देणे ही त्या कर्तव्यांतच नावानिशी घातलेली आहेत. कायदा चांगला मजबूत आहे. पण तो अंमलदाराच्या टेबलावरून पुढे सरकला तर!

खैरलांजी आठवावी. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना जमावाने ठार मारले. त्या मायलेकींनी आपल्या नातलगावरच्या हल्ल्याच्या प्रकरणात साक्ष दिली होती, आणि त्यातले आरोपी जामिनावर सुटल्या दिवशीच हे घडले. म्हणजे पोलिसांकडे जाणे, साक्ष देणे, हाच त्यांचा 'माज' ठरला. २००८ साली सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली. शिक्षा कठोर होत्या, नाही असे नाही. पण दोन्ही न्यायालयांत अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही आणि विनयभंगही सिद्ध धरला गेला नाही. राहिला तो सूड, दोन पक्षांतला. जातीचा द्वेषही गेला आणि बाईच्या देहावर काढलेला राग तर दिसलाच नाही. सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत पोलिसांनी आणि शवविच्छेदन करणाऱ्यांनी जे पाहिले नाही, लिहिले नाही, ते नंतर कुठून आणणार?

बाईच्या बाबतीत ही गळती दुहेरी असते, हे मैत्रिणींना वेगळे सांगायला नको. बलात्काराचे कलम लावले की जात 'कशाला मध्ये' असे म्हणतात. जातीचे कलम लावले तर लुगड्याला घातलेला हात 'झटापटीत झाले असेल' होतो. आंध्रातल्या एका अंध दलित मुलीवरील बलात्काराच्या खटल्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे अगदी स्पष्ट मांडले : तिची जात, तिचे बाईपण आणि तिचे अंधत्व वेगवेगळे काढून तोलता येत नाहीत. जन्मठेप कायम राहिली. पण त्याच निकालात अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची शिक्षा रद्द झाली, कारण गुन्हा ती दलित आहे 'म्हणून' केला असा पुरावा तपासात जमवलाच नव्हता. तेव्हाच्या कायद्यात ही अट होती. २०१५ च्या दुरुस्तीने, जी जानेवारी २०१६ पासून अमलात आली, गंभीर गुन्ह्यांसाठी ती बदलली. पीडित व्यक्ती दलित वा आदिवासी आहे हे आरोपीला ठाऊक होते एवढे दाखवणे आता पुरेसे आहे. ही मोठी गोष्ट आहे, आणि बऱ्याच ठाण्यांत ती अजून पोचल्यासारखी वाटत नाही. शिवीगाळीच्या कलमात मात्र 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' ही अट आहेच. चार भिंतींच्या आत, साक्षीला कुणी नसताना झालेला अपमान त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले. घरकाम करणाऱ्या बाईला मालकीण स्वयंपाकघरात जातीवरून काय काय बोलते, ते तेव्हा या कलमाच्या बाहेरच.

इंग्लंडमधला एक प्रसंग या संदर्भात जाणून घेण्यासारखा आहे. २२ एप्रिल १९९३ रोजी लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा बसथांब्यापाशी गोऱ्या पोरांनी खून केला. तपासाची पोलिसांनी वाट लावली. आईबापांनी वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा मॅक्फर्सन चौकशी झाली आणि १९९९ च्या अहवालात लंडनच्या पोलीस दलातला वंशवाद संस्थात्मक आहे असे नमूद झाले. याहून उपयोगाची होती ती एक साधी शिफारस : पीडित व्यक्तीला किंवा दुसऱ्या कुणालाही जी घटना वंशद्वेषाची वाटते, ती पोलिसांनी तशीच नोंदवायची. हेतू सिद्ध होतो की नाही ते पुढे तपासात ठरेल, पण नोंदीच्या वेळी अंमलदाराने न्यायाधीश व्हायचे नाही. पुढे २०१६ साली नॉटिंगहॅमशायरच्या पोलिसांनी स्त्रीद्वेषातून झालेल्या घटनाही अशाच नोंदवायला सुरुवात केली. तिथेही सारे आलबेल नाही. इंग्लंड-वेल्सच्या द्वेषगुन्ह्यांच्या कायद्यात लिंग हा आधार घालू नये असेच २०२१ साली तिथल्या विधी आयोगाने सुचवले. तरीही नोंद पीडितेच्या शब्दांत, हे तत्त्व आपण उचलावे असे आहे. आपल्याकडे उलटे. झुंडबळी आणि द्वेषगुन्ह्यांची माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१७ साली गोळा केली आणि ती विश्वासार्ह नाही म्हणून सरकारने ते कामच बंद केले. आता भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, लिंग, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनाला वेगळे कलम आहे. त्या यादीत धर्म हा शब्द मात्र नाही.

पोलिसांना विचारले तर ते म्हणतात, 'आम्ही समाजात सलोखा राहावा म्हणून काय कमी करतो? शांतता समित्या आहेत, मोहल्ला समित्या आहेत.' खरेच आहे. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला समित्या बांधल्या, आणि डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही समित्या आल्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली मुंबईच्या पोलिसांतल्या मुस्लिमविरोधी पूर्वग्रहावर बोट ठेवले, तेव्हा भिवंडीचे मोल अधिकच कळले. साधा हवालदार रोज मोहल्ल्यात बसून बोलतो, तेव्हा अफवा त्याच्यापर्यंत आधी येते, हा त्यातला सोपा पण पक्का धडा.

पण शांतता आणि समता एक नव्हेत. दोन तुल्यबळ समाजांत शांतता समिती चालते. गावात जिथे एकाची जमीन आणि दुसऱ्याची मजुरी, तिथे शांतता याचा अर्थ बहुतेक वेळा दुबळ्याने तक्रार मागे घेणे असा होतो. २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. हेतू वाईट नव्हता, कोर्टकचेऱ्यांत पैसा घालणाऱ्या गरिबांची सोयच झाली. मात्र बक्षीस तंटे कमी दाखवण्यावर असेल, तर अॅट्रॉसिटीची फिर्याद करणारी बाई ही गावाच्या बक्षिसाआड येणारी बाई होते. पोलीस पाटील, सरपंच, समितीचा अध्यक्ष सगळे तिच्या दारात येतात. नवऱ्याला कामावरून काढले जाते, किराणा बंद होतो. आणि विरोधी पक्षाने तिच्या माणसांवर चोरीची, दरोड्याची फिर्याद टाकली की समेटाला कितीसा वेळ लागणार?

याच टप्प्यावर 'दुरुपयोग' हा शब्द येतो. आपल्या ओळखीचा आहे. ४९८-अ बद्दल तो आपण किती वर्षे ऐकतो आहोत! २०१७ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ४९८-अ च्या तक्रारी आधी कुटुंब कल्याण समितीकडे पाठवायला सांगितले. मार्च २०१८ मध्ये त्याच दोन न्यायमूर्तींनी, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात, अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यांत प्राथमिक चौकशी आणि अटकेपूर्वी परवानगी अशा अटी घातल्या. दोन्हींमागे तर्क एकच, की तक्रार करणारी खोटे बोलत असण्याचा संभव धरून चाला. दलित संघटना २ एप्रिलला रस्त्यावर उतरल्या, संसदेने १८-अ हे कलम घातले, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने आपल्या अटी मागे घेतल्या. कुटुंब कल्याण समित्याही २०१८ च्या सप्टेंबरात गेल्या. २०२५ साली मात्र अलाहाबाद उच्च न्यायालयाने आखलेल्या तशाच समित्या आणि दोन महिने थांबण्याची मुदत सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. स्त्री संघटना आणि दलित संघटना यांनी हे दोन्ही लढे एकमेकींपासून दूर उभे राहून लढवले. २०१६ च्या मोर्चांतून अॅट्रॉसिटी कायदा बदलण्याची मागणी झाली, तेव्हाही आपल्यातल्या अनेक जणी गप्प होत्या. हे बोलायला कडू आहे, पण आपल्या बैठकांतून बोलले जावे.

मग पोलिसांत काहीच चांगले होत नाही का? होते. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात बसते, पण पोलिसांची नोकर नसते. बाई तिच्याशी आधी बोलते आणि मग जबाब लिहिला जातो. पुढे राज्यभर असे कक्ष पसरले. कौटुंबिक हिंसाचाराच्या कामात त्यांनी काय फरक पाडला ते या क्षेत्रातल्या प्रत्येकीने पाहिले आहे. जातीच्या अत्याचाराची फिर्याद घेऊन येणाऱ्या बाईशेजारी मात्र अशी कुणी बसलेली नसते. अर्ध्या दिवसाच्या संवेदनशीलता शिबिरांवर आमचा तितका विश्वास राहिलेला नाही. त्यांत बंदोबस्तातून सुटका म्हणून आलेले शिपाई मागच्या रांगेत पेंगतात, आणि ज्या अंमलदाराने यायला हवे तो ठाण्यात टेबलावरच असतो.

तोवर त्या टेबलासमोरची दुसरी खुर्ची आपण धरायची आहे. फिर्यादीला बाईबरोबर कुणी तरी जावे. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत, शिवीसकट लिहिले जावे; लाजून 'जातिवाचक बोलले' एवढ्यावर भागत नाही. कोण कोण ऐकत होते त्यांची नावे यावीत. लुगड्याला हात घातला असेल तर ते त्याच रात्री लिहिले जावे, कारण नंतर सांगितले की वकील 'मागाहून सुचलेले' म्हणतो. जातीचा दाखला आणल्याशिवाय गुन्हा घेणार नाही, असे सांगितले तर ऐकू नये. दाखला तपासात देता येतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेवर बोट ठेवून चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी दाखवली, तर १८-अ पुढे करावे. बाई समेटाचे बोलू लागली तर तिला दोष देऊ नये, आधी तिच्या घरात चूल पेटते आहे का ते पाहावे. नियमाप्रमाणे मिळणारे अर्थसाहाय्य गुन्हा नोंदल्यापासून टप्प्याटप्प्याने मिळते, तो तिचा हक्क आहे.

आणि आणखी एक. १९९५ च्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती आहे. तीन महिन्यांतून एकदा तरी तिची बैठक व्हायला हवी, आणि तिच्यात बिनसरकारी सभासदांना जागा आहेत. त्या जागांवर कोण बसले आहे, त्यात बाई किती, आणि शेवटची बैठक कधी झाली, एवढे आपापल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारावे. उत्तर मिळाले तर ते, आणि नाही मिळाले तर अर्जाच्या पोचपावतीची प्रत, पुढच्या अंकाच्या आत आमच्याकडे पाठवा. जिल्हावार छापू.