तलावाखालून निघणारें पाणी कोणीं पाहावें?

तलावाची पाळ पाझरते म्हणून चिंता करणारे, आणि तीच पाझरते म्हणून मनांत समाधान मानणारे, असे दोन पक्ष बहुतेक प्रत्येक गांवांत आढळतात. पहिल्याचें शेत तलावाच्या पाटावर असतें. खालीं गेलेलें पाणी आपल्या हक्काचें होतें असें त्यास वाटतें. दुसऱ्याची विहीर पाळीच्या पायथ्याशीं असते व वैशाखांतहि तिचा तळ उघडा पडत नाहीं. ह्या दोघांचा वाद पाणी किती जातें एवढ्यापुरताच चालतो. तें कोठून निघतें, आणि निघतांना आपल्याबरोबर काय घेऊन येतें, हा प्रश्न दोघांपैकीं कोणीहि विचारीत नाहीं. तलाव राहणार कीं जाणार हें मात्र बरेचसें त्याच प्रश्नावर अवलंबून आहे.

प्रथम हें मान्य केलें पाहिजे कीं, मुळींच न पाझरणारें मातीचें धरण कोठेंहि नाहीं. मातीच्या कणाकणांमधून पाणी चालतें आणि त्याच्या चालीला नियम आहे. फ्रान्समधील दीजों शहराच्या पाणीपुरवठ्याचें काम करणाऱ्या हेन्री डार्सी ह्या इंजिनियरनें वाळूनें भरलेल्या उभ्या नळांतून पाणी सोडून तो नियम शोधून काढला व १८५६ सालीं प्रसिद्ध केला. वाळूच्या दोन टोकांस असलेल्या पाण्याच्या उंचींतील फरक दुप्पट झाला तर जाणारें पाणी दुप्पट होतें. वाळूची लांबी दुप्पट केली तर तें निम्म्यावर येतें. बाकीचें सर्व मातीच्या जातीवर. जाड वाळूंतून आणि चिकण मातींतून जाणाऱ्या पाण्यांत लाखों पटींचा फरक पडतो.

आमच्या काळ्या दगडाच्या मुलखांतील तलावांची रचना ह्याच नियमाला धरून असते. मध्यें काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांस मुरमाचें आवरण, आणि खालच्या पायथ्याशीं दगडांची रास. गाभ्यानें पाणी अडवावयाचें, मुरमानें गाभ्यास आधार द्यावयाचा, आणि तरीहि जें थोडें पाणी आलें त्याला दगडांतून निर्वेध वाट करून द्यावयाची, अशी ही वांटणी आहे. गाभ्याखालीं मुरूम फोडून घट्ट थरापर्यंत चर खणतात व तोहि काळ्या मातीनें धुमसून भरतात; कारण पुष्कळ ठिकाणीं भरावांतून जातें त्याहून अधिक पाणी भरावाखालच्या मुरमांतून व भेगाळ खडकांतून जात असतें. पाझर तलाव तर पाणी जमिनींत मुरावें म्हणूनच बांधलेला असतो. पण तें तलावाच्या पोटांतून मुरावें, पाळीच्या पायाखालून नव्हे, हा भेद विसरला जातो. १९७२ च्या दुष्काळांत व पुढें रोजगार हमीच्या कामांवर असे तलाव फार झाले. चर कोठें पुरा खणला गेला, आणि कोठें मोठा धोंडा लागला म्हणून तसाच सोडला, हें आज वरून पाहून कोणासहि सांगतां येणार नाहीं. खालीं निघणारें पाणी मात्र तें सांगत असतें.

तें काय सांगतें हें समजून घेण्यास आपल्या देशाला बरीच किंमत मोजावी लागली. गंगेवरील नरोरा येथील बंधारा सुमारें वीस वर्षें सुरक्षित उभा होता. १८९८ सालच्या मार्चमध्यें तळाखालून चालणाऱ्या पाण्याच्या दाबानें त्याची फरसबंदी उचलली गेली व बंधाऱ्याचा एक भाग निकामी झाला. पुढें ब्लाय नांवाच्या इंजिनियरनें असा नियम घालून दिला कीं, बंधाऱ्याच्या तळाला लागून पाण्यास जितकी लांब वाट चालावयास लावाल तितकें बरें. वाळू जाड असेल तर अडविलेल्या पाण्याच्या उंचीच्या बारा पट. म्हणजे दहा फूट पाणी अडवावयाचें तर एकशें वीस फुटांची वाट. नियम सोपा होता आणि सोपा म्हणूनच चालला. पण १९२६-२७ च्या सुमारास पंजाबांतील अपर चिनाब कालव्यावरील कांहीं सायफनांस इजा पोहोंचली, तेव्हां अयोध्यानाथ खोसला ह्यांनीं तळांत नळ्या बसवून प्रत्यक्ष दाब मोजला. तो ब्लायच्या हिशेबाशीं जुळेना. खोसला, बोस व टेलर ह्यांचा ग्रंथ १९३६ सालीं निघाला. त्यांतील एक गोष्ट तरी तलावाखालीं शेत असणाऱ्या प्रत्येकानें जाणावी असें आमचें मत आहे. वाट किती लांब एवढाच प्रश्न नव्हे. वाटेच्या शेवटीं, पाणी जमिनींतून वर डोकें काढतें त्या जागीं, त्याचा जोर किती उरला आहे, हा खरा प्रश्न.

ह्याचें कारण असें. वाळूच्या एक फूट जाडीच्या थरांतून पाणी खालून वर येत आहे आणि त्या थराच्या तळाशीं सुमारें एक फूट उंचीच्या पाण्याइतका जादा दाब आहे, असें समजा. त्या क्षणीं वाळूचे कण जणूं वजनरहित होतात व पाण्याबरोबर उकळूं लागतात. म्हणून खोसल्यांनीं वाळूच्या जातीप्रमाणें हा जोर त्याच्या पांचव्या ते सातव्या हिश्शापर्यंतच ठेवावा असें सांगितलें. कण एकदां निघूं लागले कीं त्या जागीं पोकळी होते. पोकळीमुळें पुढची वाट तेवढी आंखूड होते. वाट आंखूड झाली कीं डार्सीच्या नियमानें जोर वाढतो, आणि वाढलेला जोर आणखी कण ओढतो. असें हें बीळ खालच्या शेतापासून तलावाकडे, म्हणजे पाण्याच्या उलट दिशेनें, पोखरत जातें. पाळीच्या माथ्यावर उभें राहून पाहणाऱ्यास ह्यांतलें कांहीं दिसत नाहीं. जें दिसावयाचें तें खालीं, कोणाच्या तरी शेतांत दिसतें.

अमेरिकेंतील आयडाहो प्रांतांत टीटन नांवाचें सुमारें ३०५ फूट उंचीचें मातीचें धरण होतें. तें पहिल्यानेंच भरत असतांना, १९७६ च्या जूनच्या तीन तारखेस, खालच्या बाजूस निर्मळ पाण्याचे लहान झरे दिसले. पांच तारखेस सकाळीं गढूळ धार सुरू झाली व मध्यान्हीच्या सुमारास धरण गेलें. तेथें इंजिनियर हजर होते, यंत्रें होतीं, तरीहि पुढें कांहीं चाललें नाहीं. निर्मळ पाण्याला भिण्याचें कारण नाहीं असें आमच्याकडे सर्रास म्हटलें जातें. तें जुन्या, ओळखीच्या पाझराविषयीं बरेंचसें खरें आहे, परंतु जेथें काल झरा नव्हता तेथें आज उठला तर तो निर्मळ असला तरीहि निरोप म्हणूनच घेतला पाहिजे. चिपळूण तालुक्यांतील तिवरें येथील धरण २ जुलै २०१९ च्या रात्रीं फुटलें आणि वीसच्या आसपास माणसें गेलीं. गळती लागल्याची तक्रार गांवकऱ्यांनीं आधीं केलेली होती. फुटल्यावर, खेकड्यांनीं धरण पोखरलें असें एका मंत्र्यांनीं सांगितलें व त्यांची पुष्कळ थट्टा झाली. खेकड्याचें बीळ ही पाण्याला आयती वाट असते ह्यांत संशय नाहीं. पण बिळें पाहणें व बुजविणें हें खेकड्याचें काम नव्हे.

आतां आमच्या शेतकरी बंधूंनीं रागावूं नये म्हणून आधींच क्षमा मागून दोन गोष्टी लिहितों. पहिली, पाळीच्या अगदीं पायथ्याशीं विहीर घेण्याची. पाणी हमखास लागतें हें खरें. परंतु तेथें खणतांना आपण पाण्याची वाट आंखूड करतों, वरून दाबून धरणारें वजन काढून टाकतों, आणि सुरुंग लावला तर खडकाच्या भेगा रुंद करतों. ज्या तलावावर विहीर जगावयाची त्याच्याच मुळाशीं घाव! दुसरी गोष्ट याहून साधी आणि याहून अधिक घातक. खालच्या अंगास पाण्याचा उमाळा दिसला कीं चार गाड्या काळी माती आणून त्यावर टाकतात व चोपून बसवितात. चार दिवस झरा बंद होतो, सर्वांस आनंद होतो. पण आंतला दाब कोठें गेला? तो तेथेंच कोंडला जातो व दुसरी कमकुवत जागा शोधतो. पाणी अडवावयाचें तें वरच्या, तलावाच्या अंगानें. खालच्या अंगानें त्याला वाट द्यावयाची, फक्त माती अडवावयाची. उमाळ्यावर आधीं स्वच्छ जाड वाळू, तीवर बारीक खडी, तीवर मोठे दगड, असे थर घालावेत. पाणी निघेल, माती राहील. माती वाहून येत असेल तर उमाळ्याभोंवतीं वाळूच्या पोत्यांचें कडें रचून आंत पाणी थोडें उभें राहूं द्यावें; त्या उभ्या पाण्याच्या वजनानें खालचा जोर उणा होतो. हा उपाय वेळ मिळविण्यापुरता आहे. तेवढ्या वेळांत सरकारी माणूस आणणें व मोरी उघडून तलावाची पातळी उतरविणें, हीं खरीं कामें.

परंतु उमाळा होण्याची वाट कां पाहावी? पायथ्याचें पाणी एका चारींत गोळा करून तेथें काटकोनी खांच कापलेली पत्र्याची पट्टी बसवावी. खांचेच्या टोंकावर, पट्टीच्या थोडें मागें मोजलें असतां, ५ सेंटिमीटर पाणी उभें असेल तर सेकंदास सुमारें पाऊण लिटर पाणी जात आहे. १० सेंटिमीटर असेल तर सुमारें ४.४ लिटर. उंची दुप्पट झाली असतां पाणी साडेपांच पटींहून अधिक होतें, हें ध्यानांत न घेतल्यामुळें 'थोडेंसें वाढलें आहे' असें म्हणून लोक स्वस्थ बसतात. ह्या आंकड्याशेजारीं त्या दिवशींची तलावाची पातळी लिहावी. तलाव भरत असतां पाझर वाढणारच. गेल्या वर्षीं ज्या पातळीला जितका होता त्याहून यंदा त्याच पातळीला अधिक असेल, किंवा पातळी उतरत असतांहि तो वाढत असेल, तर मात्र खालीं कांहींतरी चाललें आहे असें समजावें. कांचेच्या बाटलींत पाणी भरून रात्रभर ठेवावें व सकाळीं तळ पाहावा. ह्यास शिक्षण लागत नाहीं. आठवड्यांतून एक फेरी आणि एक वही लागते.

मोठ्या धरणांवर अशा नोंदी होतात. २०२१ सालीं केंद्रानें धरण सुरक्षेचा कायदाहि केला. परंतु तो १५ मीटरांहून अधिक उंचीच्या, आणि १० ते १५ मीटरांपैकीं विशिष्ट अटींत बसणाऱ्या धरणांना लागू आहे. गांवोगांवचे पाझर तलाव बहुधा त्याच्या बाहेर राहतात. एकेका शाखा अभियंत्याकडे असे तलाव किती असतात हें वाचकांस ठाऊक आहेच. त्यानें प्रत्येक ठिकाणीं दर आठवड्यास जावें अशी अपेक्षा करणें म्हणजे कोणीच न जाण्याची व्यवस्था करणें होय. म्हणून आमची सूचना अशी कीं, खात्यानें प्रत्येक तलावाखालीं पट्टी बसवून द्यावी, वाचन तेथल्या शेतकऱ्यांनीं करावें, वही ग्रामपंचायतींत राहावी, आणि ठराविक मर्यादेपलीकडे आंकडा गेला तर अमुक दिवसांत अधिकाऱ्यानें जागेवर आलेंच पाहिजे असें बंधन असावें. तक्रारअर्ज हरवतो. तीन वर्षांचे आंकडे लिहिलेली वही हरवणें तितकें सोपें नसतें.

ह्या सूचनेस विरोध खात्याकडून होईल त्याहून अधिक आमच्याच लोकांकडून होईल, असें आम्हांस वाटतें. ज्याच्या शेतांत पाणी निघतें तो पट्टी बसवूं देण्यास कचरतो. आज हें पाणी मोजलें कीं उद्यां त्यावर आकार बसेल, अथवा पाझर बंद करण्याचें काम निघून आपली विहीर आटेल, अशी त्यास भीति असते, आणि ती अगदींच निराधार म्हणवत नाहीं. तेव्हां ह्या नोंदींचा उपयोग पाणीपट्टी बसविण्याकडे केला जाणार नाहीं असें खात्यानें लेखी द्यावें, आणि तें लिहून मिळाल्याखेरीज सभासदांनीं पट्टीस जागा देऊं नये. लेखी मिळाल्यावर मात्र येत्या पावसाळ्यापूर्वीं, तलाव रिकामा असतांनाच, चारी खणून पट्टी बसवून घ्यावी. म्हणजे पहिल्या पाण्यापासूनचा आंकडा वहींत राहील.